हिंगणीचा निळा बैल

विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं आणि काय काढायचं यावरून माझं आणि आईचं भांडण जुंपलं. आईने कपडे धुण्याच्या निळ्या साबणाच्या सहा वड्या माझ्या साड्यांच्या घड्यांत खुपसल्या होत्या. मी म्हणत होते, साबण काढू. ती म्हणत होती, पुस्तकं काढ. "पुस्तकं तिकडे मिळतील. हा साबण नाही मिळायचा," असं म्हणून तिने विषय संपवला. आमच्या घरात जे हलत नाही ते धुतलं जातं आणि जे हलतं त्याला धरून धुतलं जातं. शेवटी दोन पुस्तकं मॉरिशसला राहिली आणि साबणाच्या सहाही वड्या माझ्यासोबत भारतात आल्या. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझ्या हातून जे झालं त्यात या साबणाचा मोठा वाटा आहे.

तुम्ही मॉरिशसची मंडळी मला फोनवर एकच प्रश्न विचारता. आपले पूर्वज रत्नागिरीच्या बाजूने उसाच्या मळ्यात मजुरीला आले. मग ही बाई भारतात गेली ती कोकण सोडून वर्धा जिल्ह्यात कशाला? उत्तर सोपं आहे. मला बोलावलं ते हिंगणीच्या सुमनताईंनी. त्या निवृत्त शिक्षिका. गावात एक छोटी बालवाडी चालवतात, आणि शिकवायला कुणी टिकत नव्हतं. बालशिक्षकांच्या एका ऑनलाइन शिबिरात आमची ओळख झाली. मी अकरा वर्षं आपल्याकडच्या 'ती लेकोल'मध्ये (बालवाडीत) घालवली होती आणि एकदा तरी पूर्वजांच्या भाषेत मुलांना शिकवावं अशी माझी फार इच्छा होती. सुमनताईंनी फोनवर अट घातली, "पोळ्यापर्यंत पाहू. आयांनी पोरं पाठवली तर जागा तुमची. नाही पाठवली तर तुमचा आमचा राग नाही." त्या भरवशावर मी नोकरी सोडली. मुख्याध्यापिकेने माझ्या जागी दुसरी बाई नेमली, ते मी विमानात बसायच्या आधीच कळलं होतं. म्हणजे परतीची वाट होती, पण परत जाऊन करायला काम नव्हतं.

नागपूरहून वर्ध्याच्या एसटीत बसले आणि सेलूला उतरले. तिथून हिंगणीला जाणाऱ्या ऑटोत आम्ही आठ जण, दोन केळीचे घड आणि एक शिलाई मशीन असे निघालो. दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. रस्त्यालगतचे साग पावसाने काळे दिसत होते. ऑटोवाल्याने आरशातून माझ्याकडे बघत चौकशी चालवली.

"कुठून आल्या, मॅडम?"

"मॉरिशसहून."

"थे कुठं आलं? अमरावतीकडं?"

"समुद्रात."

त्याने मागे वळून नीट पाहिलं. "मंग इकडं काऊन आल्या? इथं तं समुद्र नाई."

"लहान मुलांना शिकवायला."

हिंगणीला उतरताना त्यानेच माझी बॅग खाली ठेवली आणि म्हणाला, "आमचं बोर धरन हाये जवळच. लयच आठोन आली समुद्राची, तं तिकडं जाजा." या देशातला माझा पहिला दिलासा या माणसाने दिला. त्याचं नावसुद्धा मी विचारलं नाही, याची अजून चुटपुट लागते.

बालवाडी भरत होती ती एका गोठ्यात. नाक मुरडू नका. गोठा नामदेवरावांचा, म्हणजे गावच्या आबाजींचा (इकडे आजोबांना आबाजी म्हणतात). ट्रॅक्टर आल्यावर त्यांनी बैल ठेवणं सोडलं आणि रिकामा गोठा सुमनताईंना मुलांसाठी दिला. खाली फरशी घातलेली, भिंतींना चुना. गव्हाणीत चाऱ्याऐवजी खेळणी. कोपऱ्यात बैल बांधायचे दोन खुंटे आबाजींनी मुद्दाम ठेवले होते. मुलं त्यांना डबे अडकवत.

चौदा मुलं होती, पण कारभार एकटीचा होता. ही आबाजींची नात, गुंजन. वय साडेचार. बालवाडी तिच्या अंगणात, त्यामुळे ती स्वतःला यजमानीण समजे. सकाळी दारात उभी राहून ती एकेकाला सांगे, "तू तिथं बस. तू इकडं ये." ती सांगेल तिथे सगळी बसत. पहिल्या दिवशी तिने मलाही जागा दाखवली. "मॅडम, तुमी गव्हानीपाशी बसा." मी बसले.

माझं मराठी तुम्हाला ठाऊक आहे. घरी क्रिओल, देव्हाऱ्यापुढे मराठी आणि बाकी सगळं शाळेच्या पुस्तकातून आलेलं. म्हणजे इस्त्री केलेलं. "बालमित्रांनो, स्थानापन्न व्हा," असं मी म्हटलं की मुलं एकमेकांकडे बघत आणि मग गुंजनकडे. "खाली बसा म्हनते थ्या," गुंजन सांगे. पंधरा दिवसांत मला कळू लागलं की मुलांना पोट्टे म्हटलं तर त्यांना राग येत नाही आणि 'सांबार द्या' म्हटलं की भाजीवाली कोथिंबीर देते. सुमनताईंच्या घरी मला खोली होती. त्यांच्या हातचा वडाभात (भातावर कुस्करलेले डाळीचे वडे आणि वरून फोडणीचं तेल) पहिल्यांदा खाल्ला त्या दिवशी मी आईला फोन करायला विसरले, यावरून काय ते समजा.

साबणही कामी आला. डबा खाण्याआधी मी मुलांना रांगेत उभं करून निळ्या वडीने हात धुवायला लावत असे. मुलांना फेसाची चटक लागली. घरी जाऊन ती आयांना हात धुवायला लावू लागली आणि गावात माझं नाव पडलं 'साबनवाल्या मॅडम'. आया दारात उभ्या राहून हसत, आणि पोरं पाठवत. पोळा जवळ येत होता आणि मला वाटलं, जिंकलं आपण.

आता तान्हा पोळा म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्याकडे तो नाही. पोळा बैलांचा सण. वर्षभर राबणाऱ्या बैलांना त्या दिवशी काम नाही. त्यांना सजवून मिरवतात, पुरणपोळी खाऊ घालतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा. मुलं लाकडी बैलांना दोरी बांधून घरोघर नेतात आणि लोक त्यांना ओवाळून खाऊ देतात. सण तीन दिवसांवर आला तेव्हा मी फर्मान काढलं, "उद्या सगळ्यांनी आपापले बैल आणा. आपण रंगवू."

बैल आले. बोटाएवढे, मांजराएवढे, चाकांचे, बिनचाकांचे. गुंजनने आणलेला बैल सगळ्यांत जुना होता. काळा, तेलकट, एक शिंग गेलेलं, शेपटीची फक्त खूण. मानेच्या मागे खांद्यावर कसला तरी जाड पिवळट थर बसला होता. मी तो हातात घेतला तर बोटं चिकट झाली.

"आधी सगळ्यांना अंघोळ," मी जाहीर केलं.

"याले नाई," गुंजन म्हणाली.

आमच्या 'ती लेकोल'मधला पहिला नियम आहे, सगळ्यांना सारखं. गुंजन लाजते आहे असं मला वाटलं. तिचा बैल जुना ना! मी तिला जवळ घेऊन समजावलं आणि स्वतः ब्रश घेऊन त्या बैलाचा खांदा खसाखसा घासला. पाणी लालभडक झालं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, एवढं मला कळायला हवं होतं. मी मात्र मुलांना दाखवलं, "बघा, केवढा मळ!" मग मुलांनी आपापले बैल रंगवले. गुंजन हात मागे बांधून उभीच राहिली, म्हणून तिचा मी रंगवला. माझ्या आवडीचा रंग दिला, आपल्या समुद्राचा निळा. शिंगापासून खुरापर्यंत.

शाळा सुटल्यावर सगळी आपापले बैल घेऊन गेली. गुंजनने तिच्या बैलाकडे एकदा बघितलं. "हा आमचा नाई," म्हणाली आणि अंगण ओलांडून घरात गेली. बैल गव्हाणीत राहिला.

दुसऱ्या दिवशी गुंजन आली नाही. बाकीची तेरा मुलं दारात येऊन थबकली, कारण कुठे बसायचं ते सांगायला कुणी नव्हतं. मी सांगून पाहिलं. दोघं बसली, एक रडू लागलं, मग सगळी. दुपारच्या आत आया आल्या आणि एकही न हसता आपापलं मूल उचलून घेऊन गेल्या. रिकाम्या गोठ्यात मी आणि सुमनताई उरलो.

"आबाजी काही म्हणाले का?" मी विचारलं.

"काहीच म्हणाले नाहीत. तेच वाईट. मी तुम्हाला जा म्हणत नाही. पण जागा त्यांची आहे, बाई. उद्या ते नाही म्हणाले तर मी ही पोरं बसवू कुठे?"

माझ्या एकटीची नोकरी जाती तर मी गेले असते. माझ्या एका ब्रशने चौदा मुलांचं छप्पर जात होतं. बैल पदरात गुंडाळला आणि दिवेलागणीच्या आधी आबाजींच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिले. वाटेत मी माफीचं भाषण तयार केलं होतं, त्यात 'क्षमस्व' दोनदा येत होतं.

आबाजी ओट्यावर बसून सुतळीची बारीक वेसण वळत होते. बोटभर लांबीची.

"आबाजी, माझं चुकलं," मी म्हटलं, आणि भाषण तिथेच संपलं.

"बसा नं."

"मी सेलूहून काहीतरी आणून रंग काढते. आधी होता तसा करते."

"रंगाचं काय घेऊन बसल्या? पोयाले बैल रंगवतेच मानूस." (पोया म्हणजे पोळा, इकडे ळ फारसा उच्चारत नाहीत.) त्यांनी बैल हातात घेतला आणि अंगठा खांद्यावर फिरवला. "खांदा धुतला तुमी."

मग ते हळूहळू सांगत गेले. "घरची पयली बैलजोडी गेली, तवा तिच्या जुवाच्या लाकडाचा हा माह्या बापानं केला. पोयाच्या आदल्या सांजेले बैलाचा खांदा हयदीतुपानं शेकते. सालभर जू वढते नं थो. आमी याचाबी शेकत आलो. बापानं शेकला, म्या शेकला, माह्या पोरानं शेकला, आता गुंजन शेकते. जित्या बैलाचा खांदा धुतला तं काई बिघडत नाई, थो उद्या परत जू घेते. याचा खांदा आमच्या हातानं भरला होता."

"आणि आता घरात..."

"आता घरात हाच एक बैल हाये. पोया भरला का याले बगलेत मारतो अन् जातो. लोकं हासते. हासू दे."

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. ज्याला मी मळ म्हणून मुलांना दाखवलं, ते चार पिढ्यांचे हात होते. मला वाटलं आता ते म्हणतील, उद्यापासून गोठा मोकळा करा.

"मी काय करू, आबाजी?"

"काय करता? आज खांदमयनीच हाये (खांदमळणी, खांदा शेकायची सांज). शेका खांदा." त्यांनी आत हाक मारली. "गुंजन, वाटी आन वं."

दाराआडून आवाज आला. "त्याहिले येते का?"

"नाई येत. तू शिकव."

गुंजन आली. एका हातात कोमट तुपात कालवलेल्या हळदीची वाटी, दुसऱ्या हातात पळसाची पानं. तिची आई वर्षा चौकटीला टेकून उभी होती. सकाळी जिने माझ्याकडे बघायचंही टाळलं होतं ती. गुंजनने मला मांडी घालायला लावली, बैल माझ्यापुढे ठेवला आणि पान हळदतुपात बुडवून दाखवलं.

"असं लावाचं. नाई, तसं नाई. दाबून. बोटानं नाई, पंज्यानं."

मी दाबून चोळू लागले. पोस्टर कलरच तो, चोळताच सुटू लागला. निळ्यात हळद मिसळून खांदा हिरवा होत चालला. मी घाबरून हात थांबवला. दुसरी चूक!

आबाजींनी वाकून पाहिलं. "लावा, लावा. वावराचा (शेताचा) रंग आला त्याले."

"शाब्बास," गुंजन मला म्हणाली, अगदी माझ्या आवाजात. "आता हात बांधून बसा." वर्षा पदराआड हसली आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

शेवटी बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण (आमंत्रण) द्यायचं असतं. ते मी द्यावं असं आबाजींनी सांगितलं. मी बैलासमोर हात जोडले आणि शाळेत शिकलेलं सगळं मराठी गोळा करून म्हणाले, "आज आमचे निमंत्रण स्वीकारावे, उद्या भोजनास यावे."

आबाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बैलाले अर्ज करून राह्यल्या का जी! सांग वं गुंजन."

गुंजनने बैलाच्या एका कानाशी तोंड नेलं, दुसरा कान मला दिला, आणि आम्ही दोघींनी मिळून म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

पोळ्याला आबाजी तो निळा बैल बगलेत मारून, गावचे बैल उभे करतात त्या तोरणाखाली उभे राहिले. नव्या वेसणीसकट. लोक हसले. "आबाजी, बैल बिमार हाये का? निया पडला!" असं कुणीतरी ओरडलं. आबाजी म्हणाले, "समुद्रातला हाये. मॅडमनं आनला." दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात गुंजनने तो सगळ्यांच्या पुढे नेला. दारोदार बायांनी त्याला ओवाळलं, आणि दोन पोरांनी घरी भोकाड पसरलं की आमचाही निळाच पाहिजे. मला आबाजींच्या घरी पाटावर बसवून पुरणपोळी वाढली. आपल्या दालपुरीची ही गोड बहीण. पण दालपुरी कुणी तुपात बुडवून देत नाही, हा आपला मागासलेपणा.

संध्याकाळी मी सुमनताईंना भीत भीत आठवण केली. "ताई, पोळा झाला."

"झाला की," त्या म्हणाल्या. "मग? उद्या शाळा नाही का?"

इतकंच. मी आत जाऊन उशीत तोंड खुपसून रडले, आणि बाहेर येऊन उद्याची तयारी केली.

दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवसांसाठी मी मॉरिशसला यायला निघाले. कापूस फुटला होता, आया वेचणीला जात होत्या, त्यामुळे निरोपाला कुणी येईल असं वाटलं नव्हतं. ऑटो दारात आला तेव्हा गुंजन आबाजींचं बोट धरून आली. तिच्या हातात वाटी होती. मला तिने ओट्यावर बसवलं, मागे जाऊन उभी राहिली आणि जिथे माझ्या रोजच्या पिशवीचा पट्टा असतो त्या डाव्या खांद्यावर, माझ्या नव्याकोऱ्या पांढऱ्या कुर्त्यावर, हळदतूप चोळलं. दाबून. बोटाने नाही, पंज्याने.

मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"उद्या नाही गं, पंधरा दिवसांनी," मी म्हटलं.

"चालते," ती म्हणाली. आबाजी दुसरीकडे बघत होते.

विमानात शेजारची बाई तूप-हळदीच्या वासाने नाकाला रुमाल लावून बसली. मी खिडकीतून समुद्र बघत होते आणि माझ्या मनात आपले पूर्वज होते. ते या समुद्रावरून उलट दिशेने गेले, आणि आयुष्यभर त्यांच्या खांद्यांनी उसाच्या मोळ्या वाहिल्या. त्यांचा खांदा कुणी कधी शेकला नसेल. कुणी त्यांना म्हटलं नसेल की फार राबलास, उद्या जेवायला ये. चार महिन्यांत मी राबले ती किती! तरी माझ्या खांद्याला हळद लागली. या उपकाराची परतफेड कशी करायची ते मला कळत नाही, आणि करायला जाऊही नये असं वाटतं. नुसतं परत जावं.

घरी पोचले, अंघोळ केली आणि आईने भाजलेल्या वांग्याचा वास आला म्हणून मागच्या दारी गेले. आई मोरीपाशी बसली होती. तिच्या मांडीवर माझा कुर्ता, एका हातात निळ्या साबणाची ओली वडी.

"किएते सा?" (हे काय गं?) खांद्यावरच्या पिवळ्या पंजाकडे बघून ती म्हणाली. "एवढासा हात कुणाचा? जाऊ दे, दोन मिनिटांत काढते."

मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं.

"बाकी सगळा धू, आई," मी म्हटलं. "खांदा नको धुऊस."